चुंचनमधली माझी सात प्योंगची खोली

मी दक्षिण कोरियातल्या चुंचन शहरात इंग्रजी शिकवते. कोरियात इंग्रजी शिकवायला येऊ का असं कुणी विचारलं की मी पगाराच्या आधी घराचं विचारते. घर कोण देणार, कुठलं देणार आणि नोकरी सुटली तर त्या घराचं काय. इथे बहुतेक शाळा आणि हागवॉन, म्हणजे आपले खाजगी क्लासेस, परदेशी शिक्षकाला एकतर राहायला जागा देतात नाहीतर भाड्यापोटी दरमहा ठराविक रक्कम. ई-2 व्हिसावर, म्हणजे भाषा शिकवण्याच्या व्हिसावर, येणारे जास्तकरून अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका वगैरेचे, आम्ही बीएडवाले भारतीय 2010 साली लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे येऊ शकतो पण आहोत अगदी मोजके.

माझी खोली सात प्योंगची. एक प्योंग म्हणजे 3.3 चौरस मीटर, त्यामुळे सगळं मिळून अडीचशे स्क्वेअर फूट, त्यातच ओटा, पलंग, कपाट, आणि वॉशिंग मशीन चिंचोळ्या बाल्कनीत. बाथरूममध्ये शॉवरला वेगळी जागा नाही, बेसिनच्या नळालाच पाइप, अंघोळ झाली की सगळी फरशी ओली. बाकीच्या शिक्षकांची यावर फार तक्रार असते, मला मात्र पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं, वायपरसुद्धा होता!

पण खरं घर म्हणजे ओंडोल. फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेले असतात, त्यामुळे बाहेर उणे पंधरा असलं तरी पायाखाली ऊब. डिसेंबरात मी इडलीचं पीठ भिजवून पातेलं टॉवेलात गुंडाळून पलंगाशेजारी जमिनीवर ठेवलं आणि सकाळी पीठ झाकणाला टेकलेलं. पुण्यात थंडीच्या दिवसांत आई पातेलं कुठे कुठे दडवून ठेवायची ते आठवून मी तिला लगेच व्हिडिओ कॉल लावला.

याच ओंडोलने एकदा रडवलंही. सोल्लालच्या सुट्टीत, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, मी बुसानला गेले आणि गॅसचं बिल वाचावं म्हणून बॉयलर पूर्ण बंद करून गेले. भिंतीवरच्या पॅनेलवर 'वेछुल' नावाचं बटण असतं, बाहेर जाताना ते दाबायचं असतं म्हणजे पाणी गोठण्याइतकं घर गार होत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. परत आले तर नळ कोरडा, पाइप गोठलेला. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण हालमोनी, म्हणजे आजी, हेअर ड्रायर घेऊन आल्या, आइगो सॉन्सेंगनिम आइगो सॉन्सेंगनिम, म्हणजे अगंबाई टीचर, म्हणत तासभर माझ्याबरोबर बाल्कनीत बसल्या, पाणी सुटल्यावर स्वतःच्या हाताने नळाची बारीक धार सोडून दाखवली की कडाक्याच्या थंडीत रात्री असं ठेवायचं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

कचऱ्याचं वेगळंच शिक्षण. प्रत्येक भागाच्या ठराविक पिशव्या दुकानातून विकत घ्यायच्या, ओला कचरा वेगळा, पण अंड्याची टरफलं, कांद्याची सालं आणि चहाचा चोथा ओल्यात चालत नाही! हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले.

आता मुद्द्याचं. भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट बऱ्याचदा 50 लाख ते एक कोटी वॉन असतं, नव्याने आलेल्या माणसाकडे एवढे पैसे कुठून असणार, म्हणून शाळा ते भरते आणि करारही शाळेच्याच नावावर होतो. सोय मोठी आहे, पण व्हिसा, पगार आणि छप्पर तिन्ही एकाच माणसाच्या हातात जातं. माझ्या एका मैत्रिणीचा हागवॉन अचानक बंद पडला, शेवटचा पगार अडकला आणि त्याच आठवड्यात खोली रिकामी करा म्हणून सांगितलं. ती दोन बॅगा घेऊन माझ्याकडे आली आणि नोकरी शोधण्याचा डी-10 व्हिसा हातात पडेपर्यंत आम्ही दोघी या सात प्योंगमध्ये राहिलो, ती पलंगावर, मी गरम जमिनीवर.

म्हणून सही करायच्या आधी त्याच खोलीचे फोटो मागा, नमुन्याच्या खोलीचे नाही. ग्वानलिबी, म्हणजे मेंटेनन्स, कोण भरणार ते लिहून घ्या. नोकरी मध्येच संपली तर खोलीत किती दिवस राहता येईल हा आकडा करारात हवाच, तोंडी नको. आणि आधी तिथे राहिलेल्या शिक्षकाचा नंबर मिळाला तर त्याला जानेवारीचं गॅसचं बिल किती आलं होतं आणि भिंतीला बुरशी कुठे धरते ते विचारा.