फरशी वाळली का?

शाळेच्या स्मरणिकेसाठी तीनशे शब्द लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी एका बंगल्याच्या परांचीवर उभा होतो. तिथूनच 'हो' कळवून टाकलं. शब्द जास्त झाले तर संपादक मंडळाने खुशाल कात्री लावावी, फक्त बाईंच्या भागाला लावू नये. आणि बाईंचा भाग सोडला तर माझ्याकडे लिहायला फारसं काही नाही.

बाई म्हणजे ड्रॉईंगच्या बाई. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण आमच्या वेळच्या कुणालाही नाव सांगायची गरज पडत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला आमच्या वर्गातून किती मुलं बसली आणि किती पास झाली, हे इतर लोक लिहितीलच. मला फरश्यांबद्दल लिहायचं आहे.

1991 च्या उन्हाळ्यात नव्या स्टाफरूमला शहाबादी बसवली. तुटके तुकडे प्रयोगशाळेमागे पडून होते. बाईंनी ते हेडसरांकडून मागून घेतले. रुळाच्या घंटेपासून बागेतल्या नळापर्यंत पावसाळ्यात चिखल व्हायचा, तिथे पावलापुरत्या फरश्या टाकायच्या आणि प्रत्येकाने एक रंगवायची, असा बेत ठरला. रंग बाकांचा उरलेला ऑईलपेंट, टर्पेंटाईन बाईंच्या खर्चाने.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यातच बाईंनी पाचवीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाला ओल्या मातीतून नळापर्यंत चालत जायला लावलं. त्याच्या पावलांच्या ठशांवर खडूची भुकटी टाकली आणि सांगितलं, फरश्या इथेच बसतील. पुढे हेडसर त्या वाटेने निघाले की त्यांची पावलं अशी तोकडी पडायची की आम्ही तोंडावर वही धरून हसायचो.

चित्रांचा नियम एकच होता. पायाखाली देव नको, अक्षर नको, माणसाचा चेहरा नको. एकाने सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या पूजेच्या उंच काठ्या, कागदावर फार सुरेख काढले होते, ते बाईंनी हातात घेऊन बराच वेळ बघितले आणि "हे भिंतीवर लावू" म्हणून बाजूला ठेवले. पूर्व भागातल्या एका मुलीचे वडील मागावर होते. तिने चादरीची किनार फरशीच्या चारी कडांना अशी उतरवली की मधली जागा मोकळी ठेवूनही ती सगळ्यात भरलेली दिसायची. मी कासव काढायचं म्हटलं तर वर्गात वाद पेटला. कासव म्हणजे कूर्मावतार, म्हणजे देवच. अख्खा तास त्यात गेला. शेवटी बाई म्हणाल्या, "अरे, शंकराच्या देवळात कासव कुठे असतं? गाभाऱ्यासमोर, जमिनीतच ना? मग त्याला सवय आहे."

आता माझा पराक्रम. शहाबादीची एक कड फोडून बाईंनी आम्हाला आतले पापडासारखे थर दाखवले होते. "हा दगड पाणी पितो. वरून कोरडा दिसला तरी पोटात ओल असते. रंग लावलात की ती आत कोंडते." म्हणून परीक्षा अशी, की दुधाच्या पिशवीचा तुकडा फरशीवर पसरायचा, चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून थेंब दिसले तर फरशी ओली. सगळ्यांच्या फरश्या मे महिनाभर बेचाळीस डिग्रीत उभ्या वाळल्या होत्या. माझी मात्र आदल्या दिवशी हातातून निसटून फुटली आणि मी टाकीजवळची दुसरी उचलून आणली.

सकाळी पिशवीच्या आत मोहरीएवढे थेंब होते. मी बाई यायच्या आधी पिशवी काढली, शर्टाच्या टोकाने फरशी पुसली आणि "वाळली" म्हणून सांगितलं. प्रायमर झाला, कासव झालं. शेवटच्या ओल्या हातावर चहाच्या गाळणीने बारीक वाळू भुरभुरली, पाय घसरू नये म्हणून. दिसायला माझं कासव वर्गात पहिलं.

श्रावणात त्याच्या पाठीवर फोड आले. बाईंनी कंपासपेटीतलं कर्कटक मागितलं, उकिडव्या बसल्या आणि एका फोडाला टोचलं. आतून पाण्याचा एक थेंब आला. तो त्यांनी बोटावर घेतला, मला दाखवला आणि विचारलं, "त्या दिवशी शर्टाला राखाडी डाग कसला होता रे?"

मार नाही, चिठ्ठी नाही. फरशी उपटून गच्चीवर गेली, ऑक्टोबरचं ऊन खाल्लं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ती पत्र्याने खरवडून, पॉलिश पेपर मारून पुन्हा रंगवली. तोवर तेवढा एक खड्डा वाटेत तसाच होता. येणारा जाणारा तिथे उडी मारायचा आणि मला नावाने हाक मारायचा.

आज माझ्याकडे चौदा कारागीर आहेत. बाहेरच्या भिंतींची कामं घेतो. गणपतीच्या आधी रंग हवा म्हणून लोक जुलैतच मागे लागतात. मी भिंतीला प्लॅस्टिक चिकटवतो, दुसऱ्या दिवशी थेंब दाखवतो आणि थांबा म्हणतो. काही गिऱ्हाईकं दुसरीकडे जातात. त्यातली काही पुढच्या वर्षी पोपडे धरलेली भिंत घेऊन परत येतात, हे लिहिताना मला थोडा आनंद होतोय, क्षमा असावी.

मागच्या वर्षी शाळेत आलो तर वाटेवर पेव्हर ब्लॉक. फटीतून पाणी मुरतं, सायकली नीट जातात, सगळं मान्य. पण सरळ रेषेत, लाल-पिवळे, कुणाच्याच पावलाचे नाहीत. फरश्यांपैकी दोन पाण्याच्या पिंपाखाली सापडल्या. एकीवर चादरीची किनार अजून ओळखू येते. कासव मिळालं नाही. बाईंना हे कळवलेलं नाही. बाई आता आपल्या लेकीकडे असतात, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

माझ्या गोडाऊनमध्ये शहाबादीचे तुकडे आहेत, प्रायमर आहे, रंग आहेत. वॉटर टँकमागची वाट अजून मातीचीच आहे, मी बघून ठेवली आहे. मुलांना घेऊन बसायला मी दोन दिवस बिनपैशाचा येईन. बुटकं पोर तेवढं शाळेने द्यावं. आणि बोलावणं एप्रिलमध्ये धाडा, जूनमध्ये नको.