आज अख्खा दिवस एका सावलीत गेला

सकाळपासून घरातल्या स्टुडिओतच आहे. ऑइल पेंटिंगचं काम चालू आहे, पहिला थर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दिलेला, तो पटकन वाळतो, आणि आता त्यावर जास्त तेलाचे थर. हा क्रम उलटा केला तर वरचा थर आधी वाळून पुढे तडे जातात, त्यामुळे इथे घाई नाही म्हणजे नाही.

पण खरा वेळ गेला चित्रातल्या पांढऱ्या कापडावरच्या सावलीत. ट्यूबमधला काळा घातला की सावली मेलेली दिसते, मला ते पटतच नाही. मग अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळत बसले, निळा जरा जास्त झाला की थंड राखाडी, सिएना वाढवला की उबदार, आणि रंग मिसळायच्या नाइफच्या टोकावर इतकुसा पांढरा.. लावायचं, मागे जायचं, डोळे बारीक करून बघायचं, परत पुसायचं. संध्याकाळी कापडाची ती घडी एकदम उठून आली आणि काय आनंद झाला सांगू!!

रंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून पुढच्या थरासाठी थोडे दिवस थांबायचंय. तोवर मागच्या भिंतीचा रंग ठरवते, हिरवट राखाडी घ्यावा असं फार वाटतंय.