दोन रेघा

बियाणं बोगस निघाल्याच्या तक्रारी दर खरिपात येतात. उगवलं नाही, भेसळ निघाली, बोंडंच धरली नाहीत. पण चोरून आणलेलं बियाणं ठरल्याप्रमाणे चोरीचं निघालं नाही, ही तक्रार मी कृषी खात्याच्या नोकरीत एकदाच घेतली. ऑगस्ट 2019.

त्या वर्षी आम्ही सगळे आधीच चेपलेले होतो. 10 जूनला अकोट तालुक्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने जाहीर कार्यक्रम करून परवानगी नसलेली एचटीबीटी कपाशी लावली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तक्ता भरून पाठवायचा : धाडी किती, पाकिटं किती, गुन्हे किती. शून्य पाठवलं की वरून फोन. आकडे भरले ते डोक्यावर बोचकं घेऊन फिरणाऱ्या फुटकळ विक्रेत्यांनी. गाडी भरून माल आणणारा त्या तक्त्यात कधी आला नाही.

साधी बीटी बोंडअळीसाठी. एचटीबीटी त्यावर तणनाशकही पचवते. उभ्या पिकावरून ग्लायफोसेट मारलं की तण जळतं, पऱ्हाटी म्हणजे कपाशी उभी राहते. तिला परवानगी नाही. बियाणं बनवणाऱ्या कंपनीने 2016 मध्ये अर्जच मागे घेतला, त्यामुळे तेव्हा जीईएसीपुढे, म्हणजे जनुकीय वाणांची मंजुरी तपासणाऱ्या केंद्रीय समितीपुढे, धड होकार नव्हता, धड नकार नव्हता. बियाणं मात्र खेड्यापाड्यांत पोचलेलं. पेरलं तर तेव्हा पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षं कैद आणि एक लाख दंडापर्यंत मजल जायची. आणि ग्लायफोसेट? देशात त्याची नोंदणी चहाचे मळे आणि बिनपिकाच्या जागेसाठी. आमच्या तालुक्यात चहाचं झाड कुणी बघितलेलं नाही, पण दुकानात कॅन रांगेने लावलेले.

तर हे काका आले. साठीच्या आतबाहेर, दोन एकर कोरडवाहू. "साहेब, मले फसोलं. माही पऱ्हाटी जयाली."

बिल? नाही. पाकीट? फेकलं. कोणाकडून घेतलं? "बसस्टँडवर एक पोऱ्या आला व्हता." तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे जायचं तर बिल लागतं, टॅग लागतो, लॉट नंबर लागतो. तक्रार तिथेच संपत होती. तरी मी शेतावर गेलो. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

फवारून नऊ दिवस झाले होते. ग्लायफोसेट आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, ते एका रात्रीत जाळत नाही. आधी शेंडा पिवळा पडतो, मग पानं लोंबतात, मग झाड मुळापासून वाळतं. पिकाचे तासच्या तास तसे उभे होते, तण आणि पऱ्हाटी एका रंगाची. आणि मधेमधे, दहा-बारा झाडांमागे एक, गर्द हिरवं झाड. पात्या लागलेलं.

एचटीबीटी तपासायच्या स्ट्रिपचा डबा पिशवीत होता. हे काम मला आवडतं. छोट्या नळीचं झाकण पानावर दाबलं की पानाची बरोबर एक टिकली आत कापून पडते. ती काडीने चेचायची, द्रावणाचे थेंब सोडायचे, पट्टी उभी करायची. पाच-सात मिनिटं. एक रेघ उठली तर तणनाशक पचवणारं प्रथिन नाही. दोन उठल्या तर आहे. वाळलेल्या पानावर काही धड दिसत नाही म्हणून बांधाकडचं, बाभळीआड राहून फवाऱ्यातून सुटलेलं झाड शोधलं. एक रेघ. दुसरं तसंच, एक रेघ. मग तासातलं हिरवं झाड घेतलं. दोन.

काका खाली वाकून पट्टीकडे बघत होते. "मंग हे बराबर हाये ना?"

काय सांगणार? पोऱ्याने साध्या बियाण्यात मूठभर खरं एचटीबीटी मिसळून विकलं होतं. जी झाडं मेली ती कायद्याने निर्दोष. जी जगली तेवढीच बेकायदेशीर, आणि ती काकांच्या नावच्या सातबाऱ्यावर उभी. फसवणाऱ्याविरुद्ध शेतात पुरावा नव्हता, फसलेल्याविरुद्ध हिरवागार होता.

नियमाने हिरव्या झाडांचे नमुने सीलबंद करून नागपूरला पाठवायचे, गुन्ह्याचा प्रस्ताव द्यायचा. संध्याकाळच्या तक्त्यात एक आकडा वाढला असता. मी पंचनाम्यात लिहिलं, "तणनाशकाच्या फवारणीमुळे पिकाचे नुकसान. बियाणे खरेदीचा पुरावा उपलब्ध नाही." दोन्ही ओळी खऱ्या. पट्ट्या खिशात घातल्या. टीव्हीवर जनुकावरून भांडणारे दोन्ही बाजूचे विद्वान मला तेव्हा सारखेच वाटले. त्यांच्यापैकी कुणाला निंदायला बाया शोधत फिरावं लागत नाही. काका फिरले होते. "दोनशे रुपये देतो म्हनलं तरी कोनी येत नाही, सगळ्याइचं निंदन एकाच टायमाले."

पण माझ्या त्या दोन ओळींनी पोऱ्याही सुटला, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. पट्ट्या बरेच दिवस टेबलाच्या खणात होत्या.

निघताना काकांनी विचारलं, "हे हिरवे झाडं ठेवू का उपटू?"

मी म्हणालो, "पाऊस आला की मधल्या जागेत तूर टोबा."