फॉन्ट टॅग काढला की मराठी जाते

आमच्या दिवाळी अंकाची २००० नंतरच्या काळातली पानं नव्या साइटवर आणायचं काम माझ्याकडे आलं. फाइली उघडल्या तर टेबलात टेबल आणि ‘सेंटर’, ‘फॉन्ट’ टॅगांची (मजकुरात पेरलेल्या सूचनांची) रेलचेल. वेबपानं एचटीएमएल या टॅगांच्या भाषेत लिहितात. तिच्या जानेवारी १९९७च्या ३.२ आवृत्तीने हे टॅग अधिकृत केले आणि त्याच डिसेंबरात ४.०ने ‘सजावट सीएसएसकडे (सजावटीसाठीच्या वेगळ्या भाषेकडे) द्या’ म्हणत त्यांना मोडीत काढलं. पण ऐकतो कोण!

मराठी पानांना तर ते ऐकून परवडणारंही नव्हतं. फॉन्ट टॅग काढला की कथेच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं उरतात. १९९५च्या एचटीएमएल २.०चा वर्णसंच लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांपुरता होता. ४.०ने युनिकोड हा सगळ्या लिपींचा सामायिक संच स्वीकारला, तरी घरोघरच्या विंडोज ९८वर देवनागरी दिसायची मारामारच. म्हणून रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट चालायचे. ज्याला प्रमाणकर्ते सजावट म्हणत होते, ती आमची लिपी होती.

रूपांतरात पहिली अडचण ‘<’ची. फॉन्टात त्या जागी एक अक्षर, पण एचटीएमएलमध्ये ते चिन्ह टॅगसाठी राखीव. म्हणून पानात त्याचा ‘<’ असा चार चिन्हांचा संकेत लिहिलेला. तो आधी उलगडायचा, नाहीतर एका अक्षराची चार होतात. मग क्रम. ‘किती’तली पहिली वेलांटी जुन्या फाइलीत ‘क’च्या आधी, युनिकोडात नंतर. ‘वर्ष’चा रफार नेमका उलट: फाइलीत ‘ष’नंतर, युनिकोडात आधी. ‘मूर्तींनी’सारख्या शब्दात वेलांटी, रफार, अनुस्वार मिळून एकच ठसा, त्याचे तीन तुकडे करून प्रत्येक जागच्या जागी लावायचा.

नंतरची पानं एक्सएचटीएमएलची, म्हणजे एक्सएमएल या कडक नियमांच्या भाषेत बसवलेल्या एचटीएमएलची. प्रत्येक टॅग बंद केलेला, टॅगांची नावं लहान रोमन अक्षरांत. शिस्त अशी की एक्सएमएल म्हणून वाचताना एक चूक सापडली तरी वाचन थांबावं. एक्सएचटीएमएलची पुढची आवृत्ती २००९ मध्ये गुंडाळली गेली आणि २०१४ मध्ये एचटीएमएल५ प्रमाण झालं. ही पानं मात्र चुटकीसरशी झाली.

शेवटी यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आणि भाषेच्या जागी मराठीची खूण. फॉन्टात सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता आपले येतात.

कविता बाकी आहेत. त्यांच्या ओळी न तुटणाऱ्या (तिथे ओळ मोडू न देणाऱ्या) स्पेस मारमारून सरकवल्यात. त्यातल्या कवीच्या कुठल्या आणि ऑपरेटरच्या कुठल्या, हे छापील अंक समोर ठेवूनच ठरवावं लागतंय.