फराहबागेला आधी पाणी द्या

बाहेरगावचे पाहुणे आले की नगरमध्ये काय दाखवायचं हे ठरलेलं असतं: भुईकोट किल्ला, चांदबीबी महाल आणि सोलापूर रस्त्यावरचं रणगाडा संग्रहालय. तिथे फोटो काढून मंडळी परत फिरतात. शेजारच्या फराहबागेकडे कुणी वळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

निजामशाहीतला हा महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला. तेव्हाचा सुलतान मुर्तजा निजामशहा कारभार सलाबतखानावर टाकून एकांतात रमला होता. (आपण चांदबीबी महाल म्हणतो ती खरं तर याच सलाबतखानाची कबर.) अष्टकोनी दुमजली इमारत, मधोमध घुमटाचं उंच दालन, सगळीकडून कमानी आणि हे सारं तलावाच्या ऐन मध्यावर. भोवती बाग. आमच्या या अवर्षणग्रस्त मुलखात एवढं पाणी यायचं ते जमिनीखालच्या खापरी नळांतून. उताराचा नेमका अंदाज घेऊन, मातीचे भाजलेले नळ एकात एक बसवून, शहराबाहेरचं पाणी इथवर आणलं होतं. मला त्या घुमटापेक्षा या नळांचंच जास्त अप्रूप वाटतं.

आज तलाव कोरडा आहे. कमानींच्या आतल्या बाजूचा गिलावा पापुद्रे धरून सुटलाय, आतले ओबडधोबड दगड उघडे पडलेत. जिथे चुना अजून गुळगुळीत आहे, तिथे नेमकी खिळ्याने कोरलेली नावं आणि बदाम. एका भेगेत पिंपळाचं रोप होतं, करंगळीएवढ्या जाडीचं. ते वेळीच मुळासकट काढलं नाही तर उद्या तेच दगड फोडणार.

डागडुजी व्हायलाच हवी, पण सिमेंटने नको. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि भिंत आणखी पोखरते. चुना नीट मुरवून, चुना दळायच्या घाण्यात मळूनच काम झालं पाहिजे. तशी माणसं अजून मिळतात.

आणि रोषणाईच्या कारंज्यांवर खर्च करण्याआधी खापरी नळांचा माग काढावा, जिथे सापडतील तिथे रस्त्यांच्या खोदकामातून ते वाचवावेत. पाया तपासून पावसाचं पाणी तलावात वळवता आलं तर गुडघाभर साचलं तरी चालेल. पाण्याशिवाय हा महाल उभा का आहे तेच कळत नाही. भोवती चिंच, आंबा, जांभूळ लावा, शोभेची हिरवळ नको.

नगरकरांनो, पुढचा पाहुणा आला की त्याला आधी इथे आणा.