पट्टी बांधलेल्या डोळ्यांना निळा रंग

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका रुग्णालयात, नवजात शिशू विभागात मी परिचारिका आहे. श्रावणातली सकाळ होती, आठवडाभर उन्हाची तिरीपसुद्धा पडली नव्हती, आणि मी पाळीचा चार्ज घेत असतानाच आचऱ्याकडच्या एका गावातून चार दिवसांचे बाळ घेऊन तिघीजणी आल्या: बाळंतीण, तिची सासू आणि बारशासाठी डोंबिवलीहून आलेली नणंद. नणंदेच्या हातात निळ्या काचेची एक बाटली होती.

बाळाला खिडकीजवळ नेऊन मी त्याच्या कपाळावर अंगठा दाबला आणि सोडला. दाबलेल्या जागेतले रक्त क्षणभर हटते आणि कातडीचा मूळ रंग दिसतो; तो ओल्या हळदीसारखा होता. छातीवर, पोटावर, मांडीवर आणि शेवटी तळपायावरही तेच दिसले. नवजात बाळाची कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरत जाते, त्यामुळे तळपाय पिवळा दिसला की रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात धरून बसता येत नाही. बाळ सुस्त होते, दूधही नीट ओढत नव्हते. रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे कातडी पिवळी करणारे द्रव्य, डेसिलिटरला २१ मिलिग्रॅम आले. ते आणखी चढून मेंदूत उतरले, तर जन्मभराची हानी करते.

बाटलीचा उलगडा विचारपूस करताना झाला. नणंदेने रंगचिकित्सेचा एक छोटा अभ्यासक्रम केला होता आणि कोवळे ऊन मिळत नाही म्हणून निळ्या बाटलीत भरलेले पाणी खिडकीत ठेवून ती ते दोन दिवस बाळाला चमच्याने पाजत होती. पाण्याने पोट भरले की बाळ दूध कमी ओढते, दूध कमी गेले की शी कमी होते, आणि आतड्यात आलेले बिलिरुबिन बाहेर पडण्याऐवजी पुन्हा रक्तात शोषले जाते, हे मी तिला सांगितले खरे, पण ज्या आवाजात सांगितले तो आवाज मला आजही आठवतो आणि आवडत नाही.

बाळाला लंगोटावर ठेवून, डोळ्यांवर पट्टी बांधून आम्ही फोटोथेरपीच्या, म्हणजे प्रकाशोपचाराच्या, दिव्याखाली निजवले. आजी कळवळली. “बाय, पोराक उघड्यार कित्याक ठेवलास? थंडी लागतली मां!” तिला मी वॉर्मर दाखवला. नणंद मात्र त्या निळ्याशार उजेडाकडे पाहतच राहिली आणि थोड्या वेळाने तिने मला जो प्रश्न विचारला, तो सोळा वर्षांच्या नोकरीत मला कोणीच विचारला नव्हता: “सिस्टर, रंग निळाच वापरताय, मग डोळ्यांना पट्टी बांधलीत तर तो बाळाला दिसणार कसा?”

दिसायचा नाहीच, मी म्हटले. दिव्याचा संबंध त्याच्या कातडीशी आहे. कातडीतले बिलिरुबिन ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषून घेते, त्याच्या रेणूची घडण बदलते आणि यकृताची वाट न पाहता ते पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडू लागते. म्हणून अंग उघडे ठेवायचे आणि दिवा ठरावीक अंतरावर धरायचा. बाटलीतून पाझरलेल्या उजेडाचा पाण्यात काहीच साठा राहत नाही.

माझ्या व्यवसायाचा मला अभिमान वाटावा असा भागही मी तिला सांगितला. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड नावाची एक परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असे. उन्हातल्या एका बाळाची कातडी फिकी पडली आणि चादरीचा कोपरा आला होता तेवढाच त्रिकोण पिवळा उरला, हे तिने डॉक्टरांना दाखवले, आणि १९५८ साली त्यावरचा शोधनिबंध छापून आला. रंगाच्या दिव्यांनी सगळे आजार बरे करण्याचा दावा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. मुंबईत १८७३ साली जन्मलेले दिनशा घडियाली अमेरिकेत ‘स्पेक्ट्रोक्रोम’ नावाचे यंत्र विकत असत आणि १९४७ साली तिथल्या न्यायालयाने त्यांना त्याबद्दल दोषी ठरवले. ते ऐकून नणंद गप्प झाली. मला वाटले, दुखावली.

दुपारी बाळंतिणीचे रडू थांबेना. पट्टी बांधलेले, निळे दिसणारे आपले मूल पाहून तिला धसका बसला होता, आणि धास्तीने पान्हा आटतो हे आमच्या वॉर्डात रोज दिसते. मी दुसऱ्या बाळात अडकले होते. परत येऊन पाहते तो नणंद वहिनीच्या पाठीवर हात फिरवत हळू आवाजात सांगत होती, “हा निळा आपल्या देवबागच्या पाण्याचा आहे असं समज, डोळे मीट, सावकाश श्वास घे.” अर्ध्या तासाने वाटीत तीस मिलिलिटर दूध निघाले. मला स्वतःला त्या उजेडात तासभर काम केले की डोके धरते, आणि निळा प्रकाश तर माणसाला जागे ठेवतो. त्यामुळे श्रेय रंगाचे की पाठीवरच्या हाताचे, याबद्दल माझे मत ठरलेले आहे. पण त्या वेळी ते बोलून दाखवायची मला गरज वाटली नाही. दर दोन तासांनी बाळंतिणीला दुधासाठी बोलावून घेण्याचे काम मी नणंदेकडेच दिले आणि तिने ते रात्रभर घड्याळ लावून केले.

निळ्या उजेडात कावीळ डोळ्यांनी ओळखता येत नाही, सगळेच फसवे दिसते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा बंद करून मी पुन्हा अंगठा दाबला, तेव्हा तळपाय गुलाबी होता. रक्ताचा आकडा १४ वर आला होता. आणखी एका दिवसाने दिवा काढला आणि कावीळ उलटते का ते पाहण्यासाठी घरी गेल्यावर दोन दिवसांनी परत आणायला सांगितले.

ठरल्या दिवशी आजी एकटीच सुनेला आणि नातवाला घेऊन आली. नणंद डोंबिवलीला परतली होती. बाळ केस पेपरवर लघवी करून मोकळे झाले. निघताना आजीने पिशवीतून ती निळी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यात घरच्या घाण्याचे खोबरेल होते.

“डोक्याक लाव,” ती म्हणाली. “पोराक पाजूचा न्हय.”