तुम्ही विचारलंत म्हणून: ओरेगॉनचं नदीकाठचं रान थंडीनं मेलं का?

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याच्या पूर्व भागात एके काळी केळी होती, हे मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग थंडी पडली आणि ते रान मेलं, असंच ना?" देशातून आलेले पाहुणे विचारतात, इथल्या मराठी शाळेतली मुलंही विचारतात. 'हो' म्हटलं तर विषय तिथंच संपतो, पण ते उत्तर मला पटत नाही. थंडीनं त्या रानातलं अर्धंच नेलं. उरलेलं गेलं ते पाण्याविना.

जॉन डे नदीच्या खोऱ्यात आज उघडे डोंगर दिसतात, मधे सेजब्रशची झुडपं आणि तुरळक जुनिपर. तिथल्याच क्लार्नो भागात 4 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीच्या खडकात फळं आणि बिया जशाच्या तशा दगड होऊन बसल्या आहेत. पावणेदोनशेच्या आसपास जाती! अक्रोडाच्या कुळातली झाडं, ताड, आणि गुळवेलीच्या कुळातल्या वेली तर इतक्या प्रकारच्या की ते रान किती गच्च असेल याचा अंदाज येतो. केळं म्हणतो ते आपण खातो ते नव्हे, एन्सेटे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर उगवणारी कवदर, म्हणजे रानकेळ, त्याच प्रजातीतली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागलो होतो.

मग सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड घटत गेला, अंटार्क्टिकावर बर्फ साठलं आणि सगळी पृथ्वीच गार झाली. त्यानंतरचं रान बघायचं तर क्लार्नोपासून जवळच फॉसिल नावाचं गाव आहे (गावाचं नावच ते). तिथल्या हायस्कूलमागच्या टेकडीवर थोडी फी भरून कुणालाही दगड फोडता येतो. फिकट रंगाचा थरांचा दगड. छिन्नीनं हलकेच ठोकला की वहीसारखा उघडतो आणि आत तपकिरी पानं. आल्डर, मेपल, एल्म, ओक. बहुतेकांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. उष्ण, ओल्या रानात सपाट कडांच्या पानांची झाडं जास्त असतात आणि थंडीकडे जावं तशी दातेरी पानं वाढतात. अभ्यासक या प्रमाणावरूनच जुन्या हवेचा अंदाज बांधतात. हा दगड 3 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीचा.

केळी आणि ताड गेले, हे खरं. पण त्यांच्या जागी आलेली सगळीच झाडं काही परकी नव्हती. त्यांच्यातली बरीचशी आधीपासून जवळच्या उंच, गार डोंगरांवर होती. गारवा खाली उतरला तशी तीही उतरली. रान मेलं, असं म्हणण्यापेक्षा त्याची पांगापांग झाली असं मी म्हणेन. जो तो आपापल्या वाटेनं गेला.

टेकडीवर सगळ्यात जास्त सापडते ती मेटासेक्वोया या सूचिपर्णी झाडाची डहाळी. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसलेली चपटी, सुईसारखी पानं. त्याच्याच कुळातल्या, अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या उंच रेडवुडची पानं अशी जोडीनं येत नाहीत, एकाआड एक येतात. तरी कितीतरी वर्षं हे जीवाश्म रेडवुडच्याच नावावर जमा होते. 1941 साली जपानचे जीवाश्म-अभ्यासक शिगेरु मिकी यांनी ते वेगळे काढले. आणि थोड्याच वर्षांत चीनच्या हुबेई प्रांतात हे झाड जिवंत सापडलं! ओरेगॉनच्या याच जीवाश्मांवर काम केलेले अमेरिकन अभ्यासक राल्फ चेनी 1948 साली ते बघायला तिथपर्यंत गेले.

हे झाड शरद ऋतूत डहाळ्यांसकट पानं गाळतं. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, जिथं हिवाळाभर अंधार असतो, तिथंही एके काळी त्याची पाणथळ जंगलं होती. थंडीला ते काय भिणार? मग ओरेगॉनातून ते गेलं कसं?

महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना माणदेश कोरडा का राहतो, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. तिथंही तेच झालं. समुद्र आणि पूर्व ओरेगॉन यांच्या मधली कॅस्केड पर्वतरांग उंचावत गेली, समुद्रावरचे ढग पलीकडेच रिकामे व्हायला लागले, आणि पश्चिम किनाऱ्याकडचा उन्हाळी पाऊस आटत गेला. मेटासेक्वोयाला ऐन वाढीच्या दिवसांत पाणी लागतं. हुबेईत उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि तिथं ते ओढ्याकाठी टिकून राहिलं. 70 लाख वर्षांपूर्वीच्या जॉन डेच्या खडकांत पाहा: माळावर गवत पसरलेलं, आणि झाडं म्हणजे ओढ्याच्या कडेनं उरलेले एल्म, सिकॅमोर आणि विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचे भाऊबंद. नदीकाठ हा रानाचा शेवटचा आसरा ठरला.

यावर मुलं हमखास पुढचं विचारतात: आता पृथ्वी पुन्हा तापतेय, तर ती केळी परत येतील का? नाही येणार. क्लार्नोच्या वेळी तिथं ऊब होती आणि भरपूर पाऊसही होता. आता ऊब वाढेल, पण कॅस्केड आहे तिथंच उभा आहे आणि तिथला उन्हाळा कोरडाच आहे. शिवाय डोंगरावरून खाली उतरायला त्या झाडांना लाखो वर्षं मिळाली होती. आज तापमान चढतंय ते शंभर-दोनशे वर्षांत.